आउटबॉक्समध्ये थांबलेली कागदपत्रे : आंबा पॅकिंग हाउसमधील एका मेल-बिघाडाचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी तालुक्यात पावस गावाच्या बाजूला एका बागायतदार कुटुंबाचे पॅकिंग हाउस आहे. २०२५ च्या हापूस हंगामात तेथील कार्यालयात एक बिघाड सुमारे तीन आठवडे ठाण मांडून होता आणि त्या काळात तो दुरुस्त झाल्याचे मी एकदा ठामपणे सांगूनही टाकले होते. बिघाडाचे मूळ आउटलुक या मेल-प्रोग्रामला वाढीव सोयीसाठी जोडलेल्या एका छोट्या जोड-प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅड-इनमध्ये होते. ते सापडायला उशीर लागला, कारण आम्ही ज्या ज्या गोष्टीवर संशय घेतला ती ती गोष्ट दुरुस्त करताच बिघाड खरोखरच कमी होत गेला. चुकीचे निदान आणि तरीही थोडा गुण, अशी ही स्थिती लहान कार्यालयांत मला वारंवार दिसते. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडत आहे.

कार्यालयात तीन संगणक आहेत. मुख्य संगणकावर घरातील थोरल्या सूनबाई, ज्यांना तेथील सर्वजण वहिनी म्हणतात, हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळतात. त्यावर विंडोज १० आणि ऑफिस २०१६ मधील आउटलुक होते आणि मेलचे खाते त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर पॉप पद्धतीने, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, जोडलेले होते. दुसरा संगणक पेट्या भरण्याच्या शेडमध्ये असून त्यावर थंडरबर्ड हा दुसरा मेल-प्रोग्राम चालतो. तिसरा म्हणजे मालकांचा लॅपटॉप. मालकांना मी काका म्हणतो. ते मेल ब्राउझरमध्येच उघडतात. तीन यंत्रे आणि मेल पाहण्याच्या तीन पद्धती ही मांडणी योगायोगाची होती, तरी पुढे तपासात तिचा फार उपयोग झाला.

तक्रार साधी होती. संध्याकाळी पेट्यांची मोजणी झाली की वहिनी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मुंबईच्या क्लिअरिंग एजंटला पाठवतात. त्यावरून एजंट शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा सीमाशुल्काचा कागद, दाखल करतो, आणि माल रातोरात घाट चढून विमानतळाकडे जातो. त्याच सुमारास आखातातील ग्राहकाला त्या दिवशीच्या मालाचे फोटोही जातात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काही मेल पाठवूनही एजंटला मिळेनासे झाले. आउटलुकमध्ये कोणताही त्रुटीसंदेश येत नसे, पण दुसऱ्या दिवशी आउटबॉक्स उघडून पाहिले की मेल तेथेच पडून असे. एका रात्री गाडी पोहोचली तरी कागद पोहोचले नव्हते. एजंटचा फोन पहाटे आला आणि वहिनींनी घरातूनच फोनवरून कागदपत्रांची छायाचित्रे पाठवून वेळ निभावली. झाडावरून उतरवलेला हापूस कोणासाठी थांबत नाही, हे त्या घरात कोणाला सांगण्याची गरज नव्हती. त्यामुळे सकाळी आठ वाजता मला बोलावणे आले.

पहिली भेट आणि चुकलेले निदान

मी पोहोचण्यापूर्वीच तेथे तीन निदाने तयार होती. काकांच्या मते नेट हे कारण होते. एप्रिलमध्ये तेथे दुपारनंतर वीज जाते, तिच्याबरोबर राउटर बंद पडतो, आणि वीज आल्यावर लाइन सुरू व्हायला वेळ लागतो. वहिनींच्या मते फोटो मोठे झाले होते, कारण घरात नवा फोन आला होता आणि त्याचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा असे. शेडमधील तरुणाचा संशय अँटिव्हायरसवर होता, कारण मेल पाठवताना उजव्या कोपऱ्यात त्याची तपासणी चालू असल्याची सूचना बराच वेळ दिसे.

मला यांतील फोटोंचे कारण पटले. मेलला जोडलेली फाइल पाठवण्यापूर्वी मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि त्या बदलात दर तीन बाइटची चार अक्षरे होतात. म्हणजे १५ एमबीचे फोटो वाटेवर २० एमबीच्या आसपास जातात, आणि ग्रामीण लाइनवर वर चढवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा बहुधा कमीच असतो. मी फोटो लहान करून जोडण्याची सोय करून दिली आणि खात्याच्या प्रगत सेटिंगमध्ये सर्व्हरची वाट पाहण्याची मुदत, जी मुळात एक मिनिट असते, ती पाच मिनिटांवर नेली. चाचणीचे चार मेल गेले. बिघाड दूर झाला असे सांगून मी परतलो आणि पुढचे चार दिवस खरोखर काही अडकले नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा दोन मेल अडकले.

त्या पहिल्या भेटीत माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट स्पष्ट नोंदवली पाहिजे. आउटबॉक्समध्ये मेल अडकतात हे मी ऐकले, पण नेमके कोणते मेल अडकतात हे मी एकेक करून पाहिले नाही. दुसऱ्या भेटीत ती यादी काढली तेव्हा चित्र उलटे निघाले. अडकलेल्या चौदा मेलपैकी बारा मेल लहान होते, दोन-तीनशे केबीच्या पीडीएफ फाइली असलेले. फोटोंचे जडजड मेल मात्र बहुतेक सगळे गेलेले होते. वेळा जुळवून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. लहान मेल अडकला होता तो बहुतेक वेळा मोठ्या मेलच्या मागोमाग पाठवलेला होता, आणि उरलेल्या वेळी वीज गेली असताना किंवा लाइन बंद असताना पाठवलेला होता.

दुसरे लक्षण म्हणजे शांतता. सर्व्हरने मेल आकारामुळे नाकारला तर तसे उत्तर येते आणि आउटलुक ते दाखवते. जोडणी तुटली तरी पाठवण्या-घेण्याच्या चौकटीत लाल खूण येते. येथे खूण नव्हती, सांकेतिक क्रमांक नव्हता, काहीच नव्हते. पाठवण्याचा प्रयत्न फसला असता तर तसा काहीतरी माग राहिला असता. त्यामुळे आउटलुक हे मेल पाठवण्याचा प्रयत्नच करत नसावे, असा तर्क मी बांधला आणि तेथून तपासाची दिशा बदलली.

तिरकी अक्षरे सरळ होतात तेव्हा

आउटबॉक्स कसा चालतो हे येथे थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण सारा बिघाड त्यातच आहे. आपण पाठवण्याचे बटण दाबतो तेव्हा मेल लगेच निघत नाही. तो आउटबॉक्समध्ये जातो आणि त्याच्यावर "पाठवणीस सज्ज" अशा अर्थाची एक आंतरिक खूण लागते. ही खूण असलेला मेल यादीत तिरक्या अक्षरांत दिसतो. आउटलुक पाठवणी सुरू करते तेव्हा खूण असलेले मेल तेवढे उचलते आणि एकामागून एक पाठवते. आता एखाद्याने मधल्या काळात आउटबॉक्समध्ये जाऊन तो मेल उघडला आणि पाठवण्याचे बटण न दाबता बंद केला, तर खूण जाते. मेल त्याच जागी राहतो, पण अक्षरे सरळ होतात, आणि आउटलुकच्या दृष्टीने तो आता आउटबॉक्समध्ये ठेवलेला नुसता मसुदा असतो. पुढे कितीही वेळा पाठवणी झाली तरी तो उचलला जात नाही आणि त्याबद्दल तक्रारही होत नाही.

वहिनींच्या आउटबॉक्समधील चौदाही मेल सरळ अक्षरांत होते.

मी विचारले, "वहिनी, तुम्ही आउटबॉक्स उघडून हे मेल बघता का?" त्यांचे उत्तर होते, "दादा, संध्याकाळी मला मान वर करायला वेळ नसतो. आउटबॉक्स मी सकाळीच बघते." त्यांच्या बोलण्यावर शंका घेण्याचे कारण नव्हते. मग माणसाच्या हाताऐवजी दुसरे कोणीतरी मेलला हात लावत होते. आउटलुकच्या आत राहून मेलला हात लावू शकणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅड-इन. फोनशी संपर्क जुळवणारी, ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी किंवा मेलची सूची करणारी काही अ‍ॅड-इन प्रत्येक फोल्डरमधील प्रत्येक नवा मेल वाचतात, आणि त्यांनी आउटबॉक्समधला मेल वाचला की सज्जतेची खूण नाहीशी होऊ शकते. हे आउटलुकच्या जाणकारांत जुने दुखणे आहे.

हा तर्क मान्य केला की आधीची तिन्ही निदाने एका जागी येऊन बसतात. वीज गेली की मेल आउटबॉक्समध्ये थांबतो. पुढे मोठे फोटो चालले असले की मागचा लहान मेल थांबतो. अँटिव्हायरस जाणारा मेल आधी स्वतःकडे घेऊन तपासतो, तेव्हाही मागचे मेल थांबतात. मेल क्षणभरात निघून गेला तर अ‍ॅड-इनला त्याला गाठायला वेळच मिळत नाही. तो थांबला तर गाठ पडते. काका, वहिनी आणि शेडमधील तरुण या तिघांनी पाहिलेले खरे होते. त्यांनी प्रतीक्षेची तीन कारणे अचूक ओळखली होती. माझा उपायही याच अर्थाने लागू पडला होता : फोटो लहान केल्याने रांग लवकर हलू लागली, म्हणून चार दिवस गाठ पडली नाही.

चाचणी

तर्क पटला तरी त्यावर हात टाकण्यापूर्वी बिघाड हवा तेव्हा घडवून आणता यायला हवा होता. संध्याकाळच्या घाईत, फोटोंच्या मेलमागे, वीज जाण्याची वाट पाहत चाचण्या करणे शक्य नव्हते. येथे आउटलुकमधील एका साध्या सोयीने काम सोपे केले. "सेंड/रिसीव्ह" या पट्टीवर "वर्क ऑफलाइन" असे बटण असते. ते दाबले की पाठवलेला प्रत्येक मेल आउटबॉक्समध्ये थांबून राहतो, आणि लाइन, आकार, सर्व्हर व अँटिव्हायरसची बाहेरची तपासणी या चारही गोष्टी चाचणीतून बाहेर पडतात. उरते फक्त आउटलुक आणि त्याच्या आत बसलेली अ‍ॅड-इन.

मी ऑफलाइन होऊन माझ्याच पत्त्यावर एक ओळीचा मेल पाठवला, इनबॉक्स समोर ठेवून तीन मिनिटे थांबलो आणि मग आउटबॉक्स पाहिला. अक्षरे सरळ झाली होती. पुन्हा केले, पुन्हा तेच. पाच वेळा केले आणि पाचही वेळा तेच घडले. दोन आठवडे लहरी वाटणारा बिघाड आता दर तीन मिनिटांनी हजेरी लावत होता.

त्यानंतर आउटलुक बंद करून, कंट्रोल कळ दाबून धरत ते पुन्हा सुरू केले. असे केले की सेफ मोडमध्ये सुरू करायचे का, असे आउटलुक विचारते. सेफ मोडमध्ये मेल तिरकाच राहिला आणि ऑनलाइन होताच निघून गेला. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि अ‍ॅड-इन दोषी ठरवून मोकळे होतात. मी तसे करू नये असे सांगेन, कारण सेफ मोडमध्ये केवळ अ‍ॅड-इन बंद होत नाहीत. वाचन-पट्टी (निवडलेला मेल न उघडता बाजूला दाखवणारा भाग) आणि मेनूंमध्ये केलेले बदलही बाजूला ठेवले जातात. वाचन-पट्टी मेलला स्वतःहून हात लावते, म्हणून तिला वेगळे काढणे भाग होते. नेहमीच्या पद्धतीने आउटलुक सुरू करून फक्त वाचन-पट्टी बंद केली आणि तीच चाचणी केली. अक्षरे सरळ झाली. पट्टी निर्दोष ठरली.

आता अ‍ॅड-इनची यादी. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, तेथे खाली "मॅनेज" समोर "कॉम अ‍ॅड-इन्स" निवडून "गो" दाबले की खुणांची चौकट उघडते. तेथे सात नोंदी चालू होत्या : मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दोन, अँटिव्हायरसची एक, पीडीएफ करणारी एक, व्हिडिओ बैठकीचे बटण देणारी एक, फोनशी दिनदर्शिका जुळवणारी एक आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी एक. काहीही बदलण्यापूर्वी मी त्या चौकटीचे छायाचित्र काढून ठेवले. चाचणीच्या गडबडीत कोणती खूण मुळात होती हे विसरायला होते, आणि मग तपासानंतर नवा बिघाड आपणच मागे ठेवून येतो.

सातांपैकी चार बंद करून तीन चालू ठेवली, बिघाड राहिला. म्हणजे दोषी त्या तिघांत. त्यांतील एक बंद केले, बिघाड राहिला; दुसरे बंद केले, गेला. उलट बाजूने खात्री करण्यासाठी बाकी सहा बंद ठेवून ते एकच चालू केले, तर दीड मिनिटात अक्षरे सरळ. ते ग्राहक-नोंदींचे अ‍ॅड-इन होते. प्रत्येक बदलानंतर आउटलुक पूर्ण बंद झाल्याची टास्क मॅनेजरमध्ये खात्री करावी लागली, कारण खिडकी बंद झाली तरी एखादे अ‍ॅड-इन आउटलुकला मागे जिवंत ठेवते, आणि मग पुढची चाचणी जुन्याच स्थितीवर होऊन चुकीचे उत्तर देते. अशी अर्ध्या-अर्ध्याने विभागणी केल्यास सात अ‍ॅड-इनना तीन फेऱ्या पुरतात. एकेक करत गेलो असतो तर दुपार तेथेच गेली असती.

शेडमधील थंडरबर्डचा उपयोग येथे ताडून पाहण्यासाठी झाला. त्याच खात्यावरून, त्याच लाइनवर, मोठ्या मेलमागे लहान मेल पाठवण्याची चाचणी तेथे दहा वेळा केली आणि एकही अडकला नाही. थंडरबर्डमध्ये असा संशय आला तर मदतीच्या मेनूतील "ट्रबलशूट मोड" हेच काम करतो. मात्र तेथील अडचणी बहुधा निराळ्या असतात : २०२० मधील ७८ व्या आवृत्तीने जुन्या धाटणीच्या विस्तारांचा आधार काढून घेतला, तेव्हापासून मोठ्या अद्ययावतीकरणानंतर एखादा विस्तार निमूटपणे बंद पडल्याच्या तक्रारी जास्त येतात.

"आम्ही नवीन काहीच टाकलेले नाही"

काका आणि वहिनी दोघेही हे वाक्य पुनःपुन्हा सांगत होते. ग्राहक-नोंदींचे अ‍ॅड-इन चार वर्षांपूर्वीचे होते. मग आधीच्या हंगामांत मेल का अडकले नाहीत आणि याच एप्रिलमध्ये का अडकले, याचे उत्तर मिळेपर्यंत प्रकरण संपले असे म्हणता येत नव्हते. ज्या दोषाची सुरुवात समजलेली नाही, तो मिटला आहे असे सांगण्याचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्याला नसतो असे मी मानतो, आणि पहिल्या भेटीनंतर तर हे मला अधिकच बोचत होते.

उत्तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकावरील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या सोयीत, मिळाले. तेथे अ‍ॅप्लिकेशन या नोंदवहीत आउटलुक प्रत्येक वेळी सुरू होताना ४५ क्रमांकाची एक नोंद लिहिते. तिच्यात त्या वेळी भरलेल्या प्रत्येक अ‍ॅड-इनचे नाव आणि ते भरायला लागलेला वेळ मिलिसेकंदात असतो. संगणकावरील नोंदी नोव्हेंबरपर्यंत मागे जात होत्या. नोव्हेंबरपासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत एकाही नोंदीत ग्राहक-नोंदींचे अ‍ॅड-इन नव्हते. त्यानंतर ते अचानक आले आणि रोज येत राहिले, दर वेळी १४०० ते १८०० मिलिसेकंद घेत.

तो वेळच सारे सांगत होता. आउटलुक २०१३ पासून मायक्रोसॉफ्टने संथ अ‍ॅड-इन आपोआप बंद करण्याची व्यवस्था ठेवली आहे. लागोपाठच्या पाच सुरुवातींतील भरण्याच्या वेळेचा मध्यक १००० मिलिसेकंदांच्या वर गेला की आउटलुक ते अ‍ॅड-इन बंद करते आणि वर पट्टीवर तशी सूचना देते. संगणकाची डिस्क जुनी आणि संथ होत चालली होती. म्हणून मागच्या पावसाळ्यानंतर केव्हातरी आउटलुकनेच ते बंद केले होते, आणि बिनहंगामी महिन्यांत त्याची उणीव कोणाला जाणवली नव्हती. मार्चअखेर वहिनींना मागील वर्षीच्या ग्राहकांची यादी हवी झाली. अ‍ॅड-इन दिसेना, म्हणून त्यांनी बंद केलेल्या अ‍ॅड-इनची यादी उघडली आणि "हे अ‍ॅड-इन नेहमी चालू ठेवा" अशा अर्थाचे बटण दाबले. त्यांना ते नीट आठवत होते. नवीन काही टाकले नाही हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते.

हंगाम सुरू झाला, नव्या फोनचे मोठे फोटो आले, वीज जाऊ लागली, आणि आउटबॉक्समध्ये थांबणाऱ्या मेलला गाठणारे अ‍ॅड-इन त्याच आठवड्यात परतले होते. आधीच्या हंगामांत अ‍ॅड-इन होते, पण फोटो जुन्या फोनचे, लहान होते. एखादा मेल तेव्हाही अडकला असेल आणि नेटच्या नावावर खपला असेल.

नेहमी चालू ठेवण्याच्या त्या बटणाबद्दल एक गोष्ट तांत्रिक काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ते दाबले की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, आउटलुकच्या "रेझिलियन्सी" शाखेखाली त्या अ‍ॅड-इनची नोंद होते आणि तेथून पुढे ते कितीही संथ झाले तरी आउटलुक त्याला हात लावत नाही. वापरणाऱ्याला वाटते आपण ते एकदा चालू केले; प्रत्यक्षात आपण राखणदाराला कायमची रजा दिलेली असते. अ‍ॅड-इन काढून टाकल्यावरही ही नोंद मागे राहू शकते.

उपाय आणि त्यातील निवड

अ‍ॅड-इन काढून टाकणे हा सरळ उपाय होता, पण तो वहिनींच्या सोयीचा नव्हता. कोणत्या ग्राहकाने मागील हंगामात किती डझनांच्या किती पेट्या घेतल्या, पैसे कधी आले, कोणाची कोणती तक्रार होती, हे सारे त्यात होते. ऐन हंगामात ती माहिती हिरावून घेऊन मेल सुरळीत करणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे झाले असते. म्हणून मी आधी अ‍ॅड-इनची स्वतःची सेटिंग पाहिली. तेथे लक्ष ठेवण्याच्या फोल्डरांची यादी होती आणि तीत सर्व फोल्डरांवर खूण होती. नोंद ठेवण्यासाठी गेलेल्या मेलचे फोल्डर पुरेसे असते. जो मेल अजून गेलाच नाही त्याची नोंद करून काही साधत नाही. आउटबॉक्स आणि मसुद्यांवरील खूण काढली, ऑफलाइन चाचणी पुन्हा केली. दहा मिनिटे झाली तरी अक्षरे तिरकीच राहिली.

अँटिव्हायरसमधील जाणाऱ्या मेलची तपासणीही मी बंद केली. हा पर्याय आउटलुकच्या अ‍ॅड-इनच्या यादीत नसतो, अँटिव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असतो. काकांना ही गोष्ट धोक्याची वाटली आणि त्यांनी तसे विचारले, ते योग्यच होते. त्यांना मी असे सांगितले की मेलला जोडली जाणारी प्रत्येक फाइल आधी डिस्कवर असते, ती उघडताना किंवा साठवताना अँटिव्हायरसचा कायमचा पहारा तिला तपासतोच, आणि तो पहारा चालूच आहे. येणाऱ्या मेलची तपासणीही तशीच ठेवली होती.

एक उपाय मी जाणूनबुजून टाळला. मेल पाठवल्यावर दोन मिनिटे आउटबॉक्समध्ये रोखून धरण्याचा नियम आउटलुकमध्ये करता येतो, आणि चुकीची पॅकिंग लिस्ट गेली तर मागे घेता यावी म्हणून वहिनींना तो हवा होता. मागणी रास्त होती, पण असा नियम म्हणजे प्रत्येक मेलला मुद्दाम थांबवणे. अ‍ॅड-इनची सेटिंग एखाद्या अद्ययावतीकरणात मूळपदावर आली असती तर त्या दिवसापासून एकही मेल गेला नसता.

अडकलेल्या चौदा मेलचे काय करायचे हा प्रश्न तंत्राचा नव्हता आणि त्यासाठी मी वहिनींशेजारी बसून वेळ दिला. ते सारे एकदम पाठवून देणे हातासरशी जमले असते. पण दोन आठवड्यांपूर्वीची पॅकिंग लिस्ट आज एजंटच्या हाती पडली, तर तो ती आजच्या मालाची समजू शकतो. आम्ही आउटलुक ऑफलाइन ठेवून एकेक मेल मसुद्यांत हलवला. त्यांतील अकरा मेलचे कागद फोनवरून किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले गेले होते, ते पुसले. उरलेल्या तीनपैकी दोन ग्राहकांच्या चौकशीची उत्तरे होती आणि एक थकबाकीची आठवण होती. त्या तिन्हींवर उशिराबद्दल एक ओळ लिहून वहिनींनी ते पाठवले.

त्यानंतर वीस दिवस शेडमधील तरुणाने रोज रात्री आउटबॉक्स पाहून वहीत नोंद ठेवली. एकही मेल अडकला नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस त्या वर्षी फार लवकर आला आणि हंगाम आवरता घ्यावा लागला. त्या दिवसांत वीज आणि लाइन दोन्ही सतत जात होत्या, मेल तासन्‌तास आउटबॉक्समध्ये थांबत होते, आणि लाइन आली की निघून जात होते. याहून कठोर चाचणी मला जमवता आली नसती.

हंगामानंतर

विंडोज १० आणि ऑफिस २०१६ या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता, त्यामुळे दिवाळीपूर्वी मुख्य संगणक बदलायचे ठरले. तेव्हा अ‍ॅड-इनचा प्रश्न पुन्हा समोर आला. ते ३२-बिटचे होते. ऑफिस २०१९ पासून मुद्दाम दुसरा पर्याय निवडला नाही तर ६४-बिटची आवृत्ती बसते, आणि ६४-बिटचे आउटलुक ३२-बिटचे असे अ‍ॅड-इन भरू शकत नाही. विंडोजसाठीच्या नव्या आउटलुकमध्ये तर या जुन्या कॉम पद्धतीची अ‍ॅड-इन मुळीच चालत नाहीत. ३२-बिटचे ऑफिस निवडून आणखी काही वर्षे काढता आली असती. काकांनी मत विचारल्यावर मी तसे करू नये असे सांगितले, कारण निर्मात्याकडून त्या अ‍ॅड-इनची ६४-बिट आवृत्ती मिळत नव्हती आणि ज्या गोष्टीची देखभाल थांबली आहे तिच्यात चार वर्षांचे ग्राहक अडकवून ठेवणे मला जोखमीचे वाटत होते.

सप्टेंबरमध्ये वहिनी आणि मी दोन दिवस बसून सर्व नोंदी एक्सेलच्या तक्त्यात उतरवून घेतल्या : ग्राहक, पत्ता, हंगाम, पेट्या, डझन, रक्कम, शेरा. जुना संगणक त्यानंतर महिनाभर तसाच चालू ठेवला होता, कारण शेऱ्याच्या रकान्यातील काही मराठी मजकूर पहिल्या उतरवणीत चौकोनी ठोकळे होऊन आला आणि तो पुन्हा हाताने ताडून पाहावा लागला. नव्या यंत्रावर आउटलुक बसवल्यावर अ‍ॅड-इनची यादी उघडली, ऑफलाइन चाचणी पाच वेळा केली, आणि त्या यादीचे छायाचित्र तारखेसह कार्यालयाच्या फाइलीत लावून ठेवले.